जिती माती

लिंबागणेशच्या अलीकडं, डोंगराला टेकून हरिबाचं घर आहे. पुढं ओटा, बाजूला मेंढरांचा वाडा आणि मागं नुसता मुरूम. हरिबाच्या बापानं ही जागा धरली तेव्हा गावातले लोक म्हणाले होते, इथं मेंढरं बसव नाहीतर पापड वाळव, तिसरं काही व्हायचं नाही. म्हातारा मेंढरं बसवायलाच आला होता, त्यामुळं त्याला ते बोलणं काही लागलं नाही.

त्या मुरुमावर हरिबाच्या पोरानं, सोमेश्वरनं, माती केली. लग्न झाल्यावर तो आणि धनश्री असे दोघं मिळून मागच्या बाजूला लागले. आधी टिकावानं मुरूम फोडला. त्यात पालापाचोळा, उसाचं पाचट, शेणखत गाडलं. मग निळ्या पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि पाणी कालवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं आणि चांगलं आंबलं की वाफ्यात शिंपायचं. त्यात एक मूठ माती लागायची, जिच्यावर कधी खताची गोणी सांडली नाही की फवारा उडाला नाही अशी. ती सोमेश्वरनं बिरोबाच्या उंबराखालून आणली. मोबाइलवर बघून बघून त्याला हे वेड लागलं होतं.

"दादा, ह्या मुठीत जिवाणू हायती. डोळ्यांना दिसत न्हाईत," तो बापाला सांगायचा. "गूळ-बेसन खाऊन त्येंचा कबिला वाढतो. तेच मातीला जिती करत्यात."

"म्हंजी जमिनीला पुरणपोळी घालायलास की बे," हरिबा म्हणायचा, "आन् आमाला कोरडी भाकर."

हरिबाचा हा विनोद सगळ्या गावात झाला. सोमेश्वर स्वतःही हसायचा. पण पुढच्या हंगामात वांगी लागली, मग घेवडा चढला, आणि काही वर्षांनी तर अशी माती झाली की हात खुपसला तर मनगटापर्यंत आत जायचा. काळी, भुसभुशीत, ओल धरून ठेवणारी. वर पाचटाचं पांघरूण आणि खाली गांडुळंच गांडुळं. पिंप ते कधी पूर्ण रिकामं करत नसत. तळाशी थोडं ठेवायचं आणि त्यावरच पुढचं लावायचं, दह्याच्या विरजणासारखं.

गेल्या आषाढात मांजरसुंब्याच्या घाटात मोटरसायकलवरून पडून सोमेश्वर गेला. पदरात लेकरू नव्हतं. यापेक्षा जास्त सांगवत नाही. हरिबा तेव्हा रडला नाही, हे मात्र सगळ्यांनी बघितलं. तो मेंढरांत जाऊन उभा राहिला आणि लोक बोलवायला गेले तर म्हणाला, "एक कोकरू लंगडायलंय, बघतो."

दिवस झाले, माणसं पांगली, आणि धनश्री उठून मागच्या दारी गेली. काठी घेतली आणि पिंप ढवळायला लागली. त्या दिवसापासून तिचा तोच नेम झाला. घरात बोलणं कमी, खाणं कमी. वाफ्यात मात्र तासन् तास. मूठभर माती उचलून नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची. शेजारणी म्हणायला लागल्या, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. सासू मनकर्णाला तसं वाटलं नाही. सोमेश्वर माती अशीच हुंगायचा, हे तिला माहीत होतं.

दसरा झाल्यावर एक दिवस मनकर्णा मागच्या दारात लसूण सोलत बसली होती. डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळं लसूण कमी आणि टरफलं जास्त असं चाललं होतं. तिनं विचारलं, "सुग्रीवचा फोन आलता म्हनं."

सुग्रीव म्हणजे धनश्रीचा थोरला भाऊ.

"व्हय, आत्या. भाऊबीजेला येतो म्हनला. समदं सामान भरून ठेव म्हनला." धनश्रीनं ढवळणं थांबवलं नाही. "तिकडं एक जागा बघितलीय त्येनं. पाट लावून देतो म्हनायलाय."

मनकर्णाच्या हातातली पाकळी तशीच राहिली. मग ती म्हणाली, "त्येचं चूक न्हाई माय. तुजं वय तरी काय हाय."

"मला कुठं चूक वाटतंय? पर माजा पायच उचलंना." धनश्रीनं काठी पिंपाला टेकवली. "ही माती जिती हाय तवर ह्येंनी घरात हायती असं वाटतंय बगा. पाडव्याला वाल पेरते. भाऊबीजेला सुग्रीवदादा आला की सांगते, मी येत न्हाई म्हनून."

ओट्यावर दोरीला गाठी मारत बसलेल्या हरिबानं हे सगळं ऐकलं. सुनेनं राहावं असं त्याला फार वाटत होतं, पण हे सांगायचं कसं? जन्म मेंढरांत गेलेला. हाकारायचं, शिव्या द्यायच्या, शीळ घालायची, एवढंच तोंडाला वळण. पोरानं आणि सुनेनं चालवलेल्या कामाची आपण चेष्टा केली, हे त्याला आता सारखं टोचत होतं. काहीतरी द्यावं, आपल्या हातानं, त्या मातीला काहीतरी द्यावं, असं त्याच्या मनानं घेतलं.

आणि मेंढक्याजवळ द्यायला असतं काय? मेंढरं. रिकाम्या रानात वाघर लावून, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण घालून, मेंढरं बसवायची. लेंड्या आणि मूत पडलं की ते रान पुढं कैक हंगाम दम धरतं. हरिबाचा कळप आपल्या रानात बसावा म्हणून लोक आदल्या वर्षापासून वशिले लावायचे. सोमेश्वरनंही एकदा म्हटलं होतं, "दादा, एक डाव परसात बसवा की." तेव्हा हरिबा उलटा त्याच्यावरच खेकसला होता, "घराच्या कोपऱ्यापायी कळप अडकवू का? लोकांना सबूद दिलाय म्या." पोरगं पुन्हा कधी बोललं नाही.

दिवाळीच्या तोंडावर मनकर्णाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. धनश्री तिला घेऊन बीडला गेली. पाडव्याच्या सकाळी येतो म्हणाल्या. जाताना धनश्रीनं वाफे पेरणीसाठी तयार करून ठेवले, वर पाचट पसरलं, पिंपावर गोणपाट बांधलं आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, सांजसकाळ तेवढं ढवळा. सोयीचं न झालं तर ऱ्हाऊ द्या."

"सोयीचं कावून न्हाई? जाय तू," हरिबा म्हणाला, आणि त्यानं खरंच ढवळलंही.

दिवाळी झाली की कळप गंगथडीकडं, नदीकाठच्या रानांत चरायला, निघायचा. निघण्याआधी मेंढरांना औषधपाणी करायचा रिवाज. पावसाळ्यात अंगात गोचीड भरलेली असते, पोटात जंत झालेले असतात. पुतण्या म्हाळू मदतीला आला. म्हाळू चाळिशीचा गडी, बोलायला मवाळ. वाड्याच्या टोकाला सिमेंटचा हौद होता, त्यात पांढरं औषध कालवलं. एकानं मेंढरू उचलून आत सोडायचं, दुसऱ्यानं मान धरून बुडवायचं, पाठ चोळायची आणि पलीकडं काढायचं. त्याआधी जबडा उघडून जंताचं औषध घशात सोडायचं. सकाळपासून दोघांची कंबर मोडली. औषधाच्या दर्पानं डोळे चुरचुरत होते, हातांची कातडी पांढरी पडली होती. पण भिजलेली मेंढरं उन्हात अंग झटकताना बघून हरिबाला बरं वाटलं. एका साली औषध चुकलं होतं आणि कोकरं पटापट मेली होती. त्याच्या लेखी औषध म्हणजे जीव. त्याला वाईट म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

दिवस कलायला लागला तशी हरिबानं वाघर काढली.

"आता कुठं लावायलाव, तात्या?" म्हाळूनं विचारलं.

"परसात. उद्या पोरगी येतीय. पेरायच्या आदुगर एक डाव बसू देऊ."

म्हाळू थोडा घुटमळला. "अंगं वली हायती अजून."

"वाळतील की."

"आन् पाजल्यालं?"

"आरं, ते किडं माराय पाजलंय. पिकाला काय करतंय?"

म्हाळूनं दाताळं उचललं. तात्यापुढं बोलायची त्याची पद्धत नव्हती. दोघांनी दाताळ्यानं पाचट ओढून कडेला लावलं. खाली माती अशी काळी निघाली की हरिबा क्षणभर वाकून बघतच राहिला. मग खुंट्या ठोकल्या, वाघर ताणली आणि शीळ घातली. कळप दाटीवाटीनं आत शिरला, फिरला, आणि पाय मुडपून बसला. मेंढरांच्या अंगाची वाफ वर यायला लागली. लोकांच्या रानासाठी एवढा जन्म घातला, आज पहिल्यांदा घरासाठी केलं, असं हरिबाला वाटलं. सोमेश्वर असता तर काय म्हणाला असता, हेही त्याच्या मनात आलं. त्यानं भाकरी खाल्ली आणि ओट्यावर घोंगडी अंथरली.

सकाळी उजाडताच त्यानं कळप बाहेर काढला. पाडव्याला मेंढरं सजवायची असतात, तेव्हा गडबड होती. शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग लावायचा, गळ्यात लोकरीचे गोंडे बांधायचे. रेटारेटीत पिंप आडवं झालेलं त्याला दिसलं, पण गूळ-बेसनच तर आहे, परत लावता येईल, म्हणून त्यानं ते नुसतं उभं करून ठेवलं.

एसटीतून दोघी उतरून आल्या. मनकर्णाच्या डोळ्यावर काळा चष्मा. हरिबा वाटेतच उभा होता. बायकोला डोळा कसा आहे हे विचारायचं सोडून तो सुनेला म्हणाला, "मागं जाऊन बग जा, पोरी. काय केलंय म्या, बग."

इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा असा खुललेला धनश्रीनं पाहिला नव्हता. ती पिशवी ओट्यावर ठेवून लगबगीनं मागं गेली.

बराच वेळ काही आवाज आला नाही. हरिबा गोंडे बांधत होता. एक कान तिकडं होता. शेवटी न राहवून तो गेला.

धनश्री वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली होती. माती खुरांनी तुडवून चप्प झाली होती, वर लेंड्यांचा थर आणि मुताची ओल. आणि त्या ओलीवर गांडुळं आली होती. सगळी वर आली होती. काही लांब होऊन निपचित पडली होती, काही अजून वळवळत होती. धनश्री एकेक उचलून तळहातावर ठेवत होती.

"मामा," तिनं मान न वळवता विचारलं, "मेंढरांना औषिद कवा दिलंत?"

"काल सकाळी. कावून?"

तिनं तळहात त्याच्यापुढं केला. हरिबाच्याच नाकात मग तो दर्प शिरला. कालपासून हातांना, कपड्यांना होता म्हणून जाणवला नव्हता. तो आता मातीतून येत होता. किडं माराय पाजलंय. आपलंच बोलणं त्याला आठवलं.

धनश्री उठून पिंपाकडं गेली. तळाशी विरजणाचा थेंब नव्हता. आडव्या पिंपात मेंढरं घुसली होती, आत लेंड्या आणि भिजलेली लोकर. तिनं बोट आत फिरवून नाकाशी नेलं आणि बोट पदराला पुसलं. मग पिंपाला धरून खाली बसली आणि रडली. सोमेश्वर गेला तेव्हा सगळं गाव जमलं होतं म्हणून असेल, ती अशी रडली नव्हती. आता मोठ्यानं, हंबरडा फोडून रडली. मनकर्णा चाचपडत आली. तिला वाटलं, पोरीला काही चावलं.

"पोरी, म्या..." हरिबा पुढं झाला.

धनश्रीनं डोळे पुसले. "तुमी मुद्दाम न्हाई केलं, मामा. मला ठावं हाय."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. या एवढ्याशा बोलण्यानं म्हाताऱ्याचं काळीज फाटलं.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव आला. धनश्रीनं भावाला ओवाळलं. सामान तिनं रात्रीच भरून ठेवलं होतं. सासूच्या गळ्यात पडली, सासऱ्याच्या पाया पडली. हरिबानं हात वर केला, पण तो तिच्या डोक्यापर्यंत गेला नाही, मध्येच राहिला. ज्या हातांना औषधाचा वास होता ते तिच्या डोक्यावर ठेवायची त्याला लाज वाटली.

त्या साली कळप म्हाळूनं नेला. हरिबा जन्मात पहिल्यांदा मागं राहिला. मेंढरं डोंगराच्या वळणाला गेली तेव्हा कुत्री थांबून थांबून त्याच्याकडं बघत होती. हरिबा पाठमोरा झाला आणि फावडं घेऊन परसात गेला.

वरचा सगळा थर त्यानं खरवडून काढला. घमेल्यानं डोक्यावरून नेऊन पार खाणीच्या खड्ड्यात टाकला. चालायची सवय असलेलं अंग, वाकायची नव्हती. रात्री कंबर शेकत मनकर्णा म्हणायची, "आता कशापायी करायलाव?" तो म्हणायचा, "शेक गप."

पण दुसऱ्या दिवशी तीच त्याच्याजवळ येऊन बसली. तिला आता लख्ख दिसत होतं. "गूळ एवढा घ्यायची ती," मनकर्णा मुठीनं दाखवायची. "बेसन एवढं. आन् काठी एकाच अंगानं फिरवायची, उलटी न्हाई."

गूळ-बेसन आणायला हरिबा राजेश्वरच्या किराणा दुकानात गेला. राजेश्वर गादीवर बसून हसला, "काय हरिबा, जमिनीला पुरणपोळी काय?" दुकानातली माणसंही हसली. विनोद हरिबाचाच होता, त्यामुळं कुणाला काही बोलायची सोय नव्हती. तो मान खाली घालून पुडी बांधायची वाट बघत राहिला.

गोमूत्राची गोष्ट त्याहून अवघड. गावरान गाय राजेश्वरच्या आईकडं, शांतादेवीकडं होती. शेण तिनं आनंदानं दिलं. मुतासाठी मात्र गाईच्या मागं डबा धरून उभं राहावं लागायचं. ज्याच्या कळपासाठी लोक वशिले लावायचे तो हरिबा भल्या सकाळी दुसऱ्याच्या गोठ्यात गाईच्या शेपटीकडं टक लावून उभा. शाळेला जाणाऱ्या पोरी तोंडाला रुमाल लावून जायच्या. शांतादेवी एकदा म्हणाली, "बाबा, सून तर गेली, आता कुणासाटी?" हरिबानं डबा गाईच्या आणखी जवळ धरला.

एक मूठ माती त्यानं बिरोबाच्या उंबराखालून आणली. पोरानं जिथून उकरली होती तिथूनच उकरली. पहिलं पिंप सडलं. असा घाण वास सुटला की मनकर्णाला मळमळलं. दुसरं थंडीत आंबलंच नाही. त्यानं पुन्हा लावलं. सकाळ-संध्याकाळ काठी. हाताला घट्टे होतेच, ते आता वेगळ्या जागी पडले. पुढं एक दिवस गोणपाट उचललं तर वर फेस आलेला आणि ताकासारखा आंबूस वास. मनकर्णा आतून म्हणाली, "असाच यायचा." त्यानं ते वाफ्यात शिंपलं, पाचट पसरलं, पुन्हा शिंपलं. वाफ्याजवळ तो मेंढराची लेंडीसुद्धा येऊ देत नव्हता. म्हाळू मध्ये एकदा भेटायला आला तर त्याला हातपाय धुवायला लावून मग मागं नेलं.

फाल्गुनात त्यानं पाचट सारून बोटं खुपसली आणि काहीतरी गार, ओलं बोटाला लागलं. त्यानं हळूच माती उकलली. बारीकसं गांडूळ होतं, दोऱ्याएवढं.

"मनकर्णे! ए मनकर्णे!"

तिला वाटलं, म्हातारा पडला. धावत आली तर हा गुडघ्यावर बसलेला. दोघंही वाकून त्या दोऱ्याकडं, ते परत मातीत शिरेपर्यंत, बघत राहिले. मग मनकर्णा म्हणाली, "जावा. घिऊन या तिला. म्हनावं, जिती झाली."

सोमेश्वरचा जेवणाचा डबा फळीवर होता. हरिबानं तो मातीनं भरला, वर ओलं फडकं घातलं. पांढरं धोतर नेसला, नवा पटका बांधला. एसटीनं मांजरसुंब्याला उतरून तो कपिलधारच्या वाटेला लागला. त्याच वाटेवर आत धनश्रीचं माहेर. डबा त्यानं पिशवीत घातला नाही, ऊन लागू नये म्हणून घोंगडीच्या घडीत धरला. काय बोलायचं ते वाटेत घोकत होता. पोरी, माजं चुकलं, पर माती जिती झालीय, आता चल घरला. एवढंच.

वस्तीजवळ आल्यावर त्याला हसणं ऐकू आलं. वहिनी, शेजारणी आणि धनश्री अशा लिंबाच्या सावलीला चिंचा फोडत बसल्या होत्या. कुणी काही चेष्टा केली असेल. धनश्री मान मागं टाकून हसत होती. चिंचेचं बुटूक हातात तसंच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. अंगानं जरा भरली होती. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

हरिबा वाटेतच थांबला. सोमेश्वर गेल्यापासून हे हसणं त्याच्या घरात झालं नव्हतं. आपल्या घरात ती नुसती माती हुंगत बसायची, हे त्याला आठवलं. घोकलेलं सगळं तोंडातच वाळून गेलं. माघारी फिरावं म्हणून तो वळला, तेवढ्यात तिनंच बघितलं.

"मामा!" ती पदर सावरत धावत आली. "असं कसं आलाव? आत्या बऱ्या हायती नव्हं?"

"बरी हाय. डोळा लख झालाय." हरिबानं घोंगडी काखेत घट्ट धरली. "कपिलधारला दर्शनाला आलतो. म्हनलं, तोंड बघून जावं."

बाज टाकली, पाणी आलं, चहा आला. सुग्रीव रानातून आला आणि अवघडून समोर बसला. "तुमाला सांगायला येनारच व्हतो," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "चैत्रात पाट हाय. मानूस चांगला हाय, मामा. निर्व्यसनी हाय."

"लई झाक झालं," हरिबा म्हणाला. आवाज नीट निघाला याचं त्यालाच नवल वाटलं.

सुग्रीव बैलांना पाणी दाखवायला उठला. धनश्री कप उचलायला वाकली आणि तशीच थांबली. "मामा, हात दावा."

"कावून?"

तिनं उत्तर न देता त्याचा हात हातात घेतला. नखांत काळी माती, बोटांना तो आंबूस वास. मेंढक्याच्या हाताला हा वास कुठून येणार? "तुमी ढवळायलाव?"

हरिबानं घोंगडीतून डबा काढून तिच्यापुढं ठेवला. फडकं तिनंच उचललं. माती मुठीत घेतली, दाबली, बोटांनी भुगा केला आणि नाकाशी नेली. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

"उंबराखालची?"

"तितलीच."

"जिती झाली, मामा." तिनं डोळे उघडले. एकदा डब्याकडं बघितलं, एकदा त्याच्या नव्या पटक्याकडं. तिला सगळं कळलं. "तुमी मला न्यायला आलताव."

म्हणावं व्हय, असं हरिबाच्या अगदी ओठांवर आलं. ती आलीही असती. तिच्या तोंडावरच दिसत होतं. एक शब्द पुरे होता. मागं लिंबाखाली बायका पुन्हा कशाला तरी हसल्या.

"न्हाई गं," तो म्हणाला. "ही द्यायला आलतो. लेक सासरी जायची म्हनल्यावर रिकाम्या हातानं धाडतेत का? विरजण हाय. तिकडं मुरूम जरी असला तरी लागंल."

धनश्रीनं डबा उराशी धरला आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. या वेळी हरिबाचा हात मध्ये थांबला नाही. तिच्या डोक्यावर तो ठेवून म्हणाला, "सुखी ऱ्हा." मग थोडं थांबून, "आन् औषिद लावल्यालं मेंढरू जवळ येऊ दिऊ नको बग."

ती रडता रडता हसली. तोही हसला. डबा तिथंच ठेवून तो निघाला. जेवून जावा म्हणून सगळे मागं लागले, पण तो म्हणाला, दर्शन व्हायचंय अजून. कपिलधारला मात्र तो गेलाच नाही.

तिन्हीसांजेला तो घरी पोचला तेव्हा मनकर्णा उंबऱ्यात उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. सून घरी आली की ओवाळून टाकायला. अंगणात सडा घातला होता. शांतादेवीकडून हळदकुंकू मागून आणलं होतं. तिनं हरिबाकडं बघितलं, मग त्याच्या मागं, रस्त्याकडं.

"मागून येतीय का?"

"न्हाई."

"आली न्हाई?"

"म्या इचारलंच न्हाई."

"कावून?" मनकर्णानं पुन्हा रस्त्याकडं बघितलं. "एवढं केलंत, आन् इचारलं न्हाई? कावून वो?"

"हसत व्हती, मनकर्णे," हरिबा म्हणाला. "चिंचा फोडत व्हती आन् हसत व्हती."

मनकर्णा उंबरा उतरून खाली आली. हातातला भाकरतुकडा तिनं नवऱ्यावरूनच ओवाळला आणि दोन्ही बाजूंना टाकला. तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर घातलं. धुळीनं भरलेले ते पाय तिनं हातानं चोळून धुतले. पोरगं गेलं तेव्हा हरिबा रडला नव्हता. आता उंबऱ्याबाहेर, ओल्या पायांनी उभा राहून तो रडला, आणि मनकर्णानं त्याला रडू दिलं.